रिंगमधल्या नाइटचं चिलखत: फोमचा संच कुस्तीत किती चालतो?

डब्ल्यूडब्ल्यूईच्या धर्तीवरच्या व्यावसायिक कुस्तीत मध्ययुगीन नाइटचं (युरोपातल्या चिलखतधारी सरदार-योद्ध्याचं) पात्र उभं करायचं म्हटलं की पहिला मोठा खर्च चिलखतावर होतो आणि बऱ्याचदा तो वाया जातो. दिसायला झकास, पण त्यात ना वाकता येतं ना पडता येतं, अशी चिलखतं घेऊन पोरं रिंगपर्यंत पोचतात. हे परीक्षण गोव्यात म्हापशाच्या बाजूला मापानुसार बनवून मिळणाऱ्या एका पूर्ण संचाचं आहे. बनवणारा कारागीर मूळचा कार्निव्हल आणि शिगम्याच्या चित्ररथांवर काम करणारा. संचात छाती-पाठीचं कवच, खांद्यांचे दोन तुकडे, शिरस्त्राण, दस्ताने, नडगीचे तुकडे, कवचावरून घालायचा बिनबाह्यांचा झगा, जाळीची कानटोपी, तलवार आणि ढाल एवढं येतं. किंमत १८,५०० रुपये, निम्मे आगाऊ.

निकाल आधीच सांगून टाकतो. कवच आणि झगा पैसे वसूल करतात. शिरस्त्राण आहे तसं घेऊ नका. नडगीचे तुकडे बदलून घ्या. आणि कुस्तीगीराला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट या संचात मुळातच नाही. ती वेगळी शिवून घ्यावी लागते.

असं का, ते समजायला एक गोष्ट पक्की डोक्यात हवी. खरं चिलखत घालणाऱ्याला वाचवायला असतं. रिंगमधलं चिलखत समोरच्याला वाचवायला असतं. या खेळात प्रतिस्पर्धी आपलं शरीर तुमच्या हातात देतो. तो तुमच्या खांद्यावर आडवा होतो, तुम्ही मारलेल्या क्लोथ्सलाइनला (आडव्या हाताच्या फटक्याला) छाती पुढे करतो, लॉक-अपमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या मान-खांद्याच्या पकडीत, त्याचं कपाळ तुमच्या कपाळापासून चार बोटांवर असतं. तिथे एखादी कडक कड, उघडं बक्कल किंवा रिबेटचं टोक असलं की भुवई फुटते. म्हणून संचातला प्रत्येक तुकडा हातात घेऊन एकच तपासणी करायची: हा समोरच्याच्या दातांवर आपटला तर काय होईल?

दुसरी तपासणी पडण्याची. पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावायची, पाठीचा वरचा सपाट भाग एकदम टेकवायचा आणि हात बाजूला आपटून जोर वाटून घ्यायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. रिंगच्या खाली लोखंडी तुळया, त्यावर फळ्या किंवा प्लायवुड, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास. गादी समजू नये. अशा पृष्ठभागावर पाठीला कवच बांधून पडलं तर कवचाची खालची कड मूत्रपिंडाजवळ रुतते, वरची कड मानेत जाते आणि गळपट्टी असेल तर हनुवटी छातीपर्यंत पोचतच नाही. डोकं मागे आपटतं. तेव्हा घंटा वाजण्याआधी कवच उतरलंच पाहिजे, यात तडजोड नाही. कवच किती चांगलं, हे मग ते किती लवकर आणि किती देखणेपणाने उतरतं यावर ठरतं.

या संचाचं कवच १० मिमी ईव्हीए फोमचं (चपलांच्या तळव्यात असतो तसल्या हलक्या फोमचं) आहे, वरून ५ मिमीच्या पट्ट्या चिकटवून पत्र्यांच्या सांध्यांचा भास केलेला. छाती-पाठ मिळून वजन किलोच्या आत. कारागिराने फोमला हीट गनने नीट उष्णता दिली आहे, हे पृष्ठभागावरून कळतं. ईव्हीएला वरून गरम हवा मारली की त्याची छिद्रं मिटतात, कातडी गुळगुळीत आणि किंचित चकचकीत होते. ही पायरी गाळली तर रंग स्पंजासारखा आत मुरतो आणि चांदी राखेसारखी दिसते. छातीचा फुगीर आकारही गरम असताना गुडघ्यावर दाबून काढलेला आहे, कापून जोडलेला नाही. त्यामुळे पुढच्या बाजूला शिवण एकच, मधोमध, आणि ती मुद्दाम धार काढल्यासारखी वर उचललेली. पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या छातीवर अशी मधली धार असायची. वार निसटून जावा म्हणून. इथे ती दिव्याचा झोत धरते आणि लांबच्या रांगेतूनही छाती भरदार दिसते.

लांबी अचूक पकडली आहे याचं विशेष कौतुक करायला हवं. पोशाख बनवणारे बहुधा छातीचं कवच पोट झाकेल इतकं खाली आणतात. तसं केलं की पुढे वाकताना कवच मांडीवर टेकतं आणि वरची कड गळ्यात घुसते. खरी चिलखतं कंबरेच्या सर्वांत बारीक जागी संपत. त्याखाली वेगळ्या सरकत्या पट्ट्या असत. या संचातही कवच बेंबीच्या जरा वर थांबतं आणि खालच्या पट्ट्या आतून कापडी पट्टीवर अडकवलेल्या आहेत, म्हणून रिंगच्या दोरांतून वाकून आत शिरता येतं. मापं देताना छाती पूर्ण श्वास भरून मोजायला सांगा. श्वास सोडून घेतलेल्या मापाचं कवच पाच मिनिटांत गुदमरवतं. काखेचा काप पुढच्या बाजूने खोल हवा. दोन्ही हात छातीसमोर एकमेकांवर आणून पाहा. कोपर अडले तर आणखी दोन बोटं कापून घ्या.

बांधणी मात्र मूळ स्वरूपात चुकीची येते. दोन्ही कुशींना दोन-दोन बक्कलं आणि खांद्यांवर वेल्क्रो, म्हणजे सोडवायच्या सहा जागा. घामेजल्या बोटांनी, दिव्यांच्या झोतात, संगीत चालू असताना सहा जागा म्हणजे खूप. बदल सोपा आहे आणि कारागीर सांगितल्यावर करून देतो: डावी कूस ४० मिमीच्या रुंद इलॅस्टिकने कायमची जोडायची, उजवीकडे बाजूने दाबून सुटणारी प्लास्टिकची दोन बक्कलं ठेवायची आणि उजवा खांदाच तेवढा वेल्क्रोवर. मग तीन खटके, आणि कवच एका अंगाने पुस्तकासारखं उघडतं. वेल्क्रोची खरखरीत बाजू शरीराकडे येऊ देऊ नका. ती लायक्राचे धागे ओढते आणि मान सोलते. कवच उतरवायला सोबत एक माणूस ठेवणं उत्तम. नाइटचं चिलखत चढवणं-उतरवणं हे त्याच्या हाताखालच्या पोराचंच काम असे, त्यामुळे मल्लासोबत येणाऱ्या मॅनेजरला आयती भूमिका मिळते. तो गुडघ्यावर बसून बक्कल सोडतोय, नाइट प्रतिस्पर्ध्यावरची नजर हलवत नाहीये; एवढ्यात प्रेक्षकांना दोघांचं नातं कळतं.

रंगाबद्दल एक तक्रार. वरून मारलेला चंदेरी रंग इनॅमलच्या स्प्रेचा आहे. इनॅमल कडक सुकतो आणि फोम वाकतो; काखेपाशी आणि कंबरेच्या पट्ट्यांवर केसाएवढ्या भेगा पडणारच. त्याऐवजी आधी लवचिक लेप (पातळ केलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे चार हातही चालतात), त्यावर काळा ॲक्रिलिक आणि त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चांदी ओढायची, असं सांगून घ्या. खाचांत काळा राहतो, उंचवट्यांवर चांदी बसते, आणि चिलखत चमकण्यापेक्षा जुनं, वापरलेलं दिसतं. ताबा घेताना पांढरा रुमाल ओला करून कवचावर जोरात घासा. रुमालावर चांदी आली तर ती उद्या समोरच्याच्या अंगावर येईल.

आता शिरस्त्राण. सपाट माथ्याचं, पिंपासारखं, डोळ्यांसमोर आडवी फट असलेलं तेराव्या शतकाचं रूप निवडलं आहे. फोटोत अप्रतिम दिसतं, अडचणी घातल्यावर सुरू होतात. फट दीड-दोन सेंटिमीटरची, म्हणजे समोरची एक आडवी पट्टी दिसते. पायांखालचं काहीच नाही. रिंगला चढायच्या पायऱ्या, पायाशी पसरलेल्या केबल, खालचा दोर, हे सगळं नजरेबाहेर. दोरांतून वाकताना शिरस्त्राणाची पुढची कड कवचावर आपटून ते मागे सरकतं आणि फट कपाळावर जाते. म्हणजे नाइट पूर्ण आंधळा, एक पाय आत, एक बाहेर. गोव्यातल्या हवेत आतला श्वास आतच राहतो. श्वासाची भोकं दाखवण्यापुरती रंगवलेली आहेत, पाडलेली नाहीत.

सुधारता येतं. तोंडाकडची भोकं खरोखर पाडून घ्या, ८ मिमीची, उजव्या-डाव्या दोन्ही गालांवर, आणि माथ्यावरही आडोशाला चार. गरम हवा वरून निघते. आत कपाळ, माथा आणि मागचा भाग अशा तीन जागी मऊ फोमचे वेगवेगळे तुकडे लावा. सलग अस्तर घाम धरून ठेवतं, तुकड्यांमधून हवा खेळते. हनुवटीखाली पट्टा हवाच. पण आमचं स्पष्ट मत असं की पूर्ण तोंड झाकणारं शिरस्त्राण या पात्राला घेऊच नये. कुस्तीतला अर्धा अभिनय चेहऱ्यावर असतो: दुखणं, भीती, डाव उलटल्याचं समजणं. मेक्सिकोचे बरेच मुखवटेवाले मल्लही डोळे आणि तोंड उघडे ठेवतात. कारागिराकडे नाकावर एक पट्टी येणारं उघडं शिरस्त्राण आणि वर उचलायच्या झडपेचं, अशी दोन्ही रूपं त्याच किमतीत मिळतात. झडपेचं घ्या. रिंगच्या कडेला उभं राहून एका हाताने झडप वर केली की प्रेक्षक ओरडतात. हा क्षण पिंपाच्या आकारात मिळत नाही.

जाळीच्या कानटोपीबद्दल फार सांगायला नको. ॲल्युमिनियमच्या कड्यांची खरी जाळीही मागणीवर मिळते, पण घेऊ नका. नुसती टोकाला टोक भिडवलेली कडी ओढ बसली की उघडतात, त्यांत केस आणि बोटं अडकतात, आणि तुटलेलं कडं कॅनव्हासवर पडलं तर पुढच्या कुस्तीत कुणाच्या तरी पाठीत जातं. जाड दोऱ्याने विणून त्यावर चांदी ओढलेली टोपी रंगभूमीवर चालत आलेली युक्ती आहे, आणि पाच पावलांवरून फरक कळत नाही. संचातली टोपी अशीच विणलेली आहे.

आता खरा मुद्दा. कवच, शिरस्त्राण, झगा सगळं उतरलं, घंटा वाजली. आता अंगावर काय? बहुतेक वेळा एक साधी काळी चड्डी आणि बूट. म्हणजे प्रवेशापुरता नाइट होता आणि कुस्ती दुसराच कुणी तरी खेळतोय. चिलखताचे भाग आणि कुस्तीची नेहमीची साधनं यांची जोडी इतकी चपखल बसते की हे टाळायला काहीच सबब नाही. कोपराच्या वाटीच्या जागी एल्बो-पॅड, गुडघ्याच्या वाटीच्या जागी नी-पॅड, नडगीच्या पत्र्याच्या जागी बुटांवरचे किक-पॅड, दस्तान्याच्या जागी बोटं उघडी ठेवणारा मनगटी पट्टा आणि कवचाच्या जागी छापील सिंगलेट (मल्लांचा अंगाबरोबरचा एकसंध पोशाख). हे पाच भाग नीट जमले की नाइट शेवटच्या पिनपर्यंत (खांदे टेकवून कुस्ती संपेपर्यंत) नाइटच राहतो.

सिंगलेटसाठी गोव्यात एक मोठी सोय आहे. फुटबॉलच्या जर्सी छापणाऱ्यांची इथे कमतरता नाही आणि त्यांतले बरेच सब्लिमेशनचं (उष्णतेने शाई कापडात उतरवायचं) काम करतात. मात्र त्यांच्याकडचं नेहमीचं जर्सीचं कापड कुस्तीला चालत नाही, ते एकाच दिशेला थोडंसं ताणतं. चारही दिशांना ताणणारं पॉलिस्टर-स्पँडेक्स आणून द्या, पांढरं, साधारण ८०-२० किंवा त्याच्या आसपासच्या मिश्रणाचं. नायलॉन-स्पँडेक्स अंगाला मऊ लागतं, पण सब्लिमेशनची शाई पॉलिस्टरमध्येच नीट शिरते. नायलॉनवर रंग फिका येतो आणि धुण्यात जातो. छपाईत पत्र्यांच्या सांध्यांच्या सावल्या, रिबेटचे ठिपके, जाळीचा पोत, सगळं येतं. एक काळजी घ्या. कापड ताणलं की छापाच्या मधून पांढरं दिसू लागतं, म्हणून चांदीच्या रेषा काळ्या-करड्या पार्श्वभूमीवर ठेवा आणि सिंगलेट अगदीच घट्ट मापाचं शिवू नका. चकचकीत चंदेरी फॉइल चढवलेलं लायक्रा कार्निव्हलच्या दिवसांत दुकानादुकानांत दिसतं आणि मोह होतो. त्याचं फॉइल घामाने आणि घर्षणाने खवल्यांसारखं निघतं. नाचाला ठीक, कुस्तीला नाही.

शिवण झिगझॅग किंवा ओव्हरलॉकचीच हवी, दोरा पॉलिस्टरचा. सरळ टाका घातला तर पहिल्याच बैठकीत मागून फाटतो, कारण कापड ताणतं आणि दोरा ताणत नाही. शिंप्याला काम देण्याआधी एक तुकडा शिवायला सांगा आणि शिवणीच्या दिशेने पूर्ण ओढून पाहा. ‘कट्’ असा आवाज आला तर दुसरा शिंपी शोधा.

किक-पॅडच्या जागी येणारे नडगीचे तुकडे हा संचातला सर्वांत कमकुवत भाग. ते कडक फोमचे, मागे दोन पट्ट्यांनी बांधायचे. धावताना ते गोल फिरून पोटरीवर येतात, आणि लाथ मारताना वरची कड सुटी राहून समोरच्याच्या बरगडीत बसते. कारागिराला ते न करायला सांगून पैसे वजा करून घ्या (साधारण १,५०० रुपये सुटतात) आणि किक-पॅड शिवून घ्यायला दुचाकीच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे जाड सुईचं मशीन आहे, रेक्झिन आहे, आत भरायला फोम आहे. गुडघ्याच्या खालपासून बुटाच्या नाडीच्या शेवटापर्यंत उंची, मागे पूर्ण लांबीचा वेल्क्रो किंवा चेन, खाली टाचेच्या पुढून जाणारं इलॅस्टिक. ते इलॅस्टिक नसेल तर पॅड वर सरकतो. रेक्झिन पीव्हीसीचंच मागा. पीयूचं मऊ आणि जास्त चामड्यासारखं दिसतं, पण दमट हवेत त्याचा वरचा थर विघटित होतो. एका पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटायला लागतात आणि ते काळे तुकडे रिंगभर पडतात. सांध्यांच्या रेषा वरून टीप मारूनच काढायच्या. रिबेट, बटण, धातूचं काही नको.

दस्ताने संचात आहेत ते मनगटाच्या वर रुंदावणारे, फोमचे. प्रवेशाला छान, आणि उतरवून रिंगमध्ये फेकायला तर फारच छान. हातमोजा समोरच्याच्या पायाशी टाकणं म्हणजे आव्हान, हे प्रेक्षकांना सांगावं लागत नाही. खेळताना मात्र बोटं मोकळीच हवीत. सुप्लेक्सला (समोरच्याला उचलून मागे टाकायच्या डावाला) उचलताना समोरच्याच्या चड्डीची पकड बोटांनी घ्यायची असते. जाड मोज्यात ती सुटली तर तो डोक्यावर येईल.

झग्याचं काम उत्तम झालं आहे: जाडसर मॅट कापड, दोन्ही बाजूंनी मांडीपर्यंत चिरलेला, कंबरेला पट्टा, पडदा सरकावा तसा डोक्यावरून निघतो. पण त्यावरच्या चिन्हाचा विचार मागणी देण्याआधी करा. कारागीर विचारलं नाही तर पांढऱ्यावर लाल क्रूस लावून देतो, कारण इंटरनेटवर नाइट म्हटलं की तेच चित्र येतं. गोव्यात ते चिन्ह छातीवर मिरवणं योग्य नाही असं आम्हाला ठाम वाटतं. इथे क्रूस हे शेजाऱ्यांच्या श्रद्धेचं चिन्ह आहे, गावच्या वाटेवर दिवा लावून पूजलेलं. ते घालून कुणी रिंगमध्ये फसवाफसवी करावी, खुर्ची मारावी, हे कुणालाच रुचणार नाही. दुसरीकडे १५६० ते १८१२ पर्यंत इथे चाललेल्या इन्क्विझिशनची (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाची) आठवण आहे. खड्गधारी आणि क्रूसधारी माणूस हे रूप अनेक घरांत नुसतं पोशाख म्हणून पाहिलं जात नाही.

पर्याय सुंदर आहे आणि तो आपल्याच मातीतला आहे. युरोपातले नाइट ज्या काळात जेरुसलेमच्या पवित्र भूमीसाठी लढत होते, म्हणजे १०९६ ते १२९१, त्या काळात गोव्यावर कदंबांचं राज्य होतं. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ त्याच कदंबकाळाचं. कदंबांचं राजचिन्ह सिंह. सिंह हे युरोपातल्या ढालींवरचंही सर्वांत आवडतं चिन्ह. झग्यावर सिंह घेतला की पात्र नाइटचंच राहतं, आणि वाळपईच्या प्रेक्षकाला तो सिंह गोव्याच्या सरकारी महामंडळाच्या, रोजच्या कदंब बसवरून ओळखीचा असतो. फक्त महामंडळाच्या बोधचिन्हाची नक्कल करू नका. मागच्या पायांवर उभा, पंजा उगारलेला असा आपला वेगळा काढून घ्या. ॲप्लिकचं काम करून घ्यायचं, म्हणजे कापड कापून शिवायचं. रबरी छपाई घडीवर तडकते. रंग दोनच ठेवा. शेवटच्या रांगेतून ओळखता आला पाहिजे, हाच नियम मध्ययुगातल्या ढालींनाही होता.

चिलखताचे बारकावे प्रत्यक्ष पाहायचे असतील तर जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात जावं. व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या तैलचित्रांत चिलखताचे खांदे, पट्टे, कमरपट्ट्याची बसण्याची जागा नीट कळते. ती चित्रं मध्ययुगानंतरची आहेत. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले तेव्हा युरोपातलं मध्ययुग मावळत होतं. तेव्हा आकार तिथून शिका, काळ नको.

तलवार ठीक. आत फायबरची कांडी, वर फोम, लेटेक्सचा लेप. टोकाला मात्र कांडीच्या पुढे किमान तीन बोटं नुसता फोम असायला हवा. तो आहे की नाही ते टोक चिमटीत दाबून पाहा. ढालीत कारागिराने आवाजासाठी पातळ पत्रा घातला आहे आणि त्याच्या कडा दुमडलेल्या नाहीत. हा गंभीर दोष आहे. पाठीवर ढाल मारण्याचा प्रसंग या पात्राच्या कुस्तीत कधी ना कधी येणारच. पत्रा काढायला लावा, १० मिमी फोमचे दोन थर एकावर एक चिकटवून घ्या. आवाज हवा असेल तर तो ढाल कॅनव्हासवर आडवी आपटून काढता येतो.

प्रवेशाच्या वेळी लग्नांत लावतात तसे ठिणग्यांचे फवारे लावायचे असतील तर कवच घातलेल्या माणसापासून ते पुरेसे दूर ठेवा. ईव्हीए वितळतो आणि पेटतोही.

गोव्यातली हवा हा या संचाचा मोठा शत्रू. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. त्या दिवसांत नवीन संच बनवून घेऊच नये, आणि यामागे कारण आहे: फोम जोडायचा गोंद दोन्ही बाजूंना लावून, त्यातलं द्रावण उडू देऊन, बोटाला चिकट लागेल पण ओला लागणार नाही, तोपर्यंत थांबून मगच दाबायचा असतो. दमट हवेत द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर बाष्प बसतं. शिवण वरून पक्की दिसते, पण आत पाण्याचा पापुद्रा असतो. दोन महिन्यांनी खांद्याचा तुकडा हातात येतो तो यामुळे. ताबा घेताना प्रत्येक जोड अंगठ्याने उलटा वाकवून पाहा. फट दिसली तर तिथेच परत द्या.

वापरानंतर कवच आतून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत पंख्याखाली वाळवायचं. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका, ॲक्रिलिक रंग त्यात विरघळतो. लायक्रा थंड पाण्यात, उलटं करून धुवायचं, पिळायचं नाही. गाडीच्या डिकीत संच ठेवून दुपारी उन्हात गाडी लावू नका. बंद गाडीत एवढी उष्णता साठते की छातीचा आकार बसतो आणि जोड उकलतात. कौलांखालच्या माळ्यावरही हेच होतं. जाड हँगरला टांगून, शिरस्त्राणात वर्तमानपत्राचे गोळे भरून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून खोलीतल्या कपाटात ठेवा. लोखंडी बक्कल एकही नको, खाऱ्या हवेत ती गंजतात आणि गंज पांढऱ्या झग्यावर उतरतो.

नाटकांचे पोशाख भाड्याने देणाऱ्यांकडून चिलखत आणावं का, असाही प्रश्न येतो. ऐतिहासिक नाटकांची जी चिलखतं मिळतात ती उभं राहून संवाद म्हणायला बनवलेली असतात. पत्र्याच्या टिकल्या कापडावर शिवलेल्या. एका रात्रीच्या प्रवेशासाठी चालतील, पण ती घालून कुणाला मिठीतसुद्धा घेऊ नका.

पोशाखाने काय साधत नाही, तेही सांगायला हवं. २४ नोव्हेंबर १९९३ ला बॉस्टन गार्डनमध्ये झालेल्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या (तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या) सर्व्हायव्हर सिरीज या कार्यक्रमात शॉन मायकल्सच्या बाजूने काळा, तांबडा आणि निळा असे तीन मुखवटेधारी नाइट हार्ट बंधूंविरुद्ध उतरले होते. आतले तिघे जेफ गेलॉर्ड, बॅरी होरोविट्झ आणि ग्रेग व्हॅलेंटाइन, म्हणजे चांगले अनुभवी मल्ल. पण रंग सोडला तर तिघांत फरक नव्हता. कुणाला स्वतःची चाल नाही, शब्द नाही, शपथ नाही. उलट २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईतल्या किंग बुकर या राजाच्या पात्राच्या दरबारात विल्यम रीगल आणि फिनले ‘सर’ झाले तेव्हा अंगावर चिलखताचा तुकडाही नव्हता, आणि तरी दरबार उभा राहिला, कारण उभं राहणं, वाकणं, बोलणं सगळं त्या पदवीला धरून होतं. तेव्हा पूर्ण १८,५०० एकदम घालण्याआधी सिंगलेट, पॅड आणि झगा एवढ्यावर दोन-चार कुस्त्या खेळून पात्र बसतंय का ते पाहा. त्याचा खर्च सात-आठ हजारांत भागतो, आणि पुढे कवच घेतलं तरी यातलं काही वाया जात नाही.

मागणी द्यायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जानेवारी उजाडला की कारागीर कार्निव्हलच्या कामात बुडतो, ते संपेतो शिगम्याचे चित्ररथ आणि वेशभूषा स्पर्धांचे पोशाख सुरू होतात, आणि मग तुमचं कवच कुणातरी मदतनिसाच्या हातून घाईत चिकटवलं जातं. मुदत तो तीन आठवड्यांची सांगतो, पाच धरा. एक माप-चाचणी रंग देण्याआधी मागून घ्या आणि तिला कुस्तीचे बूट, नी-पॅड घालूनच जा. रंगानंतर काखेचा काप वाढवला तर त्या जागेचा सगळा थर पुन्हा द्यावा लागतो, आणि त्याचे पैसे तो वेगळे घेतो.